मिठाविषयी न बोलण्याचा करार

सरांवर माझा राग आहे. तो का आहे हे सांगायला गेलो तर ऐकणारा मलाच वेड्यात काढेल, कारण सरांनी माझं काही बुडवलं नाही, मला कधी वाईट शब्द बोलले नाहीत आणि जे कबूल केलं ते शेवटपर्यंत पाळलं. माझा राग त्या पाळण्यावरच आहे.

सर म्हणजे माझ्या दुकानाच्या जागेचे मालक. सोलापुरात बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन मजली घर आहे. वर ते एकटे राहतात, खाली माझं दुकान. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बायको गेली, मूलबाळ नाही. उंच, वाळलेला माणूस. सोलापूरच्या उन्हाळ्यात माणसं बनियनवर बसतात, तेव्हाही यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावलेल्या. जेवायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, दोन्ही वेळेला तेच. कोणी विचारलं, सर, कंटाळा येत नाही का, तर म्हणायचे, "कंटाळा जिभेला येतो. पोटाला येत नाही."

मी वैरागजवळच्या खेड्यातला. सातवीनंतर शाळा सुटली. सोलापुरात आलो ते अक्काकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे. तिचं सासर इथलं. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी, आणि ती विड्या वळायची. मी सायकलला गोणी बांधून गल्लोगल्ली खडे मीठ विकायचो. त्या मिठात बारीक दगड आणि माती असायची. दिवसभर विड्या वळून झाल्यावर अक्का माझं मीठ चाळून, निवडून द्यायची. विडीचं पान कापून कापून तिच्या बोटांना चिरा पडलेल्या असायच्या. त्यात मीठ जायचं. ती "स्स" करायची आणि पुन्हा सुपात हात घालायची. माझं मीठ स्वच्छ असतं असं बायका म्हणायच्या. ते असं स्वच्छ होत होतं.

आता माझं दुकान आहे. डाळी, मसाले, सुका मेवा, सगळं ठेवतो, पण दुकानाला नाव मिठानं मिळवून दिलं. साध्या मिठात काही सुटत नाही, हे मी सायकलवरच शिकलो होतो. मग एका लग्नात पुण्याच्या एका बाईनं मला विचारलं, तुमच्याकडे गुलाबी मीठ मिळतं का. मी म्हटलं, मिळतं की. तेव्हा मी ते पाहिलंही नव्हतं. आठवड्यात आणलं. त्यानंतर एकेक वाढत गेलं. गुलाबी, सैंधव, काळं, धुरी दिलेलं, लसणाचं, हातानं वेचलेलं समुद्राचं, आणि बीपीवाल्यांसाठी कमी सोडियमचं. एक अख्खी फळी मिठाची, तिला वरून दिवे लावलेले. दिव्याखाली गुलाबी मीठ असं दिसतं की गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधी हात लावतं.

आणि त्या फळीच्या समोर, दाराशी, सर खुर्ची टाकून बसायचे.

संध्याकाळी पाचला यायचे, आठला वर जायचे. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे. गिऱ्हाइकानं मिठाच्या फळीकडे हात नेला की कागद खाली यायचा.

"कशासाठी घेताय?"

"उपवासाला," असं उत्तर आलं तर म्हणायचे, "घ्या. ती तुमची श्रद्धा. तिथं माझ्या रसायनाचं काम नाही." पण गिऱ्हाईक म्हणालं की तब्येतीसाठी, तर संपलं. "मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड. हेही तेच, तेही तेच. गुलाबी रंग लोखंडाच्या गंजाचा आहे. चौऱ्याऐंशी खनिजं आहेत म्हणतात. असतीलही, पण इतकी कमी की त्यांचा उपयोग व्हायला मुठीनं मीठ खावं लागेल. तोवर बीपीनं माणूस जाईल. त्यापेक्षा बाहेर ती मावशी बसलीय, तिच्याकडून मेथीची जुडी घ्या."

मेथीवाली मावशी सरांना रोज एक जुडी फुकट द्यायची. ते घ्यायचे नाहीत.

एकदा एक पठाणी घातलेले गृहस्थ आले. सरांना ओळखणारे होते. "मास्टरजी, ये गुलाबी नमक से शुगर कम होती क्या?"

"शुगर नहीं होती," सर म्हणाले. "पैसा होता है कम."

ते गृहस्थ इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पाणी माझ्या दुकानातलं, आणि मीठ न घेताच गेले.

मी चिडायचो. मला राग लवकर येतो, लपवत नाही. "सर, शाळा सुटली आता तुमची. हितं धंदा चाललाय माझा."

"मी खोटं बोललो का?"

"खोटं न्हाई. पण माझ्या दारात कशाला?"

"दार माझं आहे," सर शांतपणे म्हणायचे.

त्यांना खोटं खपायचं नाही एवढंच नव्हतं. त्यांना ढिसाळपणाच खपायचा नाही. आमच्या दोघांत अकरा महिन्यांचा भाडेकरार व्हायचा, दरवर्षी नवा. लोक असले करार न वाचता सही करतात. सर प्रत्येक कलम वाचून, त्यावर बोट ठेवून, मग सही करायचे आणि मग त्या कलमाप्रमाणे वागायचे. करारात होतं की पाण्याच्या दिवशी दुकानाला एक ड्रम पाणी. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे ड्रमाला किंमत. एकदा माझ्या हातून ड्रम कलंडला, सगळं पाणी गटारात. मी वर गेलो, म्हटलं, सर, अजून एक ड्रम सोडा. म्हणाले, "करारात एकच आहे." मी शिव्या घालत खाली आलो. पंधरा मिनिटांनी बघतो तर सर जिन्यावरून दोन बादल्या घेऊन उतरतायत. गुडघे दुखणारा माणूस, एकेक पायरी थांबत. बादल्या ठेवल्या आणि म्हणाले, "हे करारातलं नाही. माझ्या आंघोळीचं आहे. चार दिवस मी अंग पुसून घेईन."

त्या दोन बादल्या मी विसरलेलो नाही. त्या आठवल्या की राग आणखी वाढतो. का, ते कळेल.

भांडण झालं ते संक्रांतीला. एका डॉक्टरीणबाईंनी हळदीकुंकवाला वाण म्हणून गुलाबी मिठाच्या बरण्या द्यायचं ठरवलं. साठ बायका बोलावलेल्या. काचेची बरणी, तोंडाला कापड, वर रिबीन. मी घासाघीस करून बरण्या आणल्या, भरून, रिबिनी बांधून तयार ठेवल्या. बाई शेवटचं बघायला आल्या आणि सरांनी कागद खाली घेतला.

"साठ घरांत वाटणार?"

"हो. काहीतरी आरोग्याचं द्यावं म्हटलं."

सरांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी बाटली काढली. मिठातलं आयोडीन तपासायची. शाळेत असताना सरकारी कार्यक्रमात मिळालेली आणि नंतर स्वतः पैसे घालून मागवत राहिलेली. माझ्याच काउंटरवर कागद पसरला, त्यावर एक चिमूट साधं मीठ, एक चिमूट गुलाबी. दोन्हीवर दोन-दोन थेंब. साधं मीठ जांभळं झालं. गुलाबी होतं तसंच राहिलं.

"यात आयोडीन नाही," सर म्हणाले. "या साठ घरांत पोरीबाळी असतील, पोटुशी असतील. बरणी देखणी आहे म्हणून रोज हेच वापरतील. डॉक्टरांच्या घरचं वाण म्हणजे त्यांना औषधच वाटणार. बघा तुम्ही."

बाईंनी स्टीलच्या वाट्या दिल्या. माझ्याकडे साठ बरण्या रिबिनीसकट राहिल्या. मी सरांची खुर्ची उचलली आणि रस्त्यावर फेकली. तिचा एक पाय मोडला. सरांनी खाली वाकून पाय उचलला, खुर्ची उचलली आणि वर गेले.

तीन आठवडे खाली उतरले नाहीत. वरून रेडिओही ऐकू येत नव्हता. मग कराराची तारीख आली तेव्हा आले. उभेच राहिले.

"भाडं तेच ठेव," म्हणाले. "मला संध्याकाळी इथं बसू दे. वर फार शांत असतं."

माणूस जेव्हा पहिल्यांदा आपली गरज सांगतो, तेव्हा भाव पाडायचा. हे मला कोणी शिकवलं नाही, गोणी विकत शिकलो. मी म्हणालो, "बसा की. नवी खुर्ची देतो, चहा देतो, पेपर माझा. एकच अट. गिऱ्हाइकाशी मिठाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

मला वाटलं, चिडतील. "लिहून घे," म्हणाले.

"लिहायचं काय त्यात? शब्द द्या."

"लिहिलेलं बरं. शब्दात पळवाटा राहतात."

कोर्टासमोर करार टाइप करून देणारा बसतो, त्याच्याकडे गेलो. मी कलम सांगितलं: मालक मिठाविषयी बोलणार नाही. टाइप करणारा हसायला लागला. "मालक, असलं कलम आजवर टाइप केलं न्हाई बघा." सरांनी त्याला थांबवलं. "असं नको. असं लिही: मालक दुकानातील कोणत्याही गिऱ्हाइकाशी, कोणत्याही प्रकारच्या खाद्य मिठाविषयी, तोंडी अथवा लेखी, अनुकूल अथवा प्रतिकूल, काहीही व्यक्त करणार नाही."

'लेखी' मला सुचलंही नव्हतं. ते त्यांनी घातलं. आयुष्यात इतका स्वस्त सौदा मी केला नव्हता. एक खुर्ची आणि दोन कप चहा. परत येताना मी गाडीवर शीळ घालत होतो आणि सर मागे ताठ बसले होते, कागद छातीशी धरून.

त्यांनी कलम असं पाळलं की माझ्या अंगावर काटा यायचा. जुनी गिऱ्हाइकं मुद्दाम छेडायची. "सर, हे काळं मीठ पोटाला चांगलं म्हणतात, खरं का हो?" सर कागद वर धरायचे. "सर, तोंडाला कुलूप लावलं व्हय?" कागद तसाच. गल्लीला आठ दिवस करमणूक झाली, मग लोकांनी विचारणं सोडलं. गुलाबी मीठ दुपटीनं जायला लागलं.

मग मला एक गोष्ट दिसली. सकाळी दुकान उघडलं की कमी सोडियमच्या मिठाची पाकिटं सगळी उलटी लावलेली. पाठ पुढं, तोंड भिंतीकडं. आदल्या संध्याकाळी मी आतल्या खोलीत माल काढत असताना सर उठून ती फिरवून ठेवायचे. पाठीवर बारीक इंग्रजीत इशारा छापलेला होता, तो मी कधी वाचला नव्हता, आणि त्यावर मी किमतीचं स्टिकर चिकटवायचो. पुढचं चित्र झाकायला नको म्हणून मागे. सर स्टिकर नखानं सोडवून बाजूला लावायचे, अगदी सरळ रेषेत.

हे मीठ त्यांनी आधी एकदा चाखलं होतं. कराराच्या आधी. चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकले. "कडवट आहे. यात पोटॅशियम घातलंय. हे कोणाला देतोस?"

"बीपीवाल्यांना."

"ज्यांच्या किडन्या ठीक आहेत त्यांना चालेल, डॉक्टरला विचारून. ज्यांच्या बिघडल्यात त्यांना हे विष आहे. तू विचारतोस का?"

"सर, मी मीठ विकतो, लघवी तपासत न्हाई."

तेव्हा मी माझ्या उत्तरावर खूष झालो होतो. सर रोज शंभर गोष्टी बोलायचे, ही त्यातलीच एक.

पाकिटं उलटी करतात हे कळल्यावर मी भडकलो. "सर, हे काय चाललंय? मालाला हात लावायचा नाही."

"करारात तसं नाही."

"मग आता सांगतो. काहीही व्यक्त करणार नाही, असं तुम्हीच लिवलंय. पाकीट फिरवणं हे व्यक्त करणंच झालं."

सरांनी विचार केला. मला अजून त्यांचा तो चेहरा दिसतो. वर्गातल्या पोरानं अवघड गणित बरोबर सोडवल्यावर मास्तर बघतो तसं माझ्याकडे बघितलं. "बरोबर आहे तुझं," म्हणाले. "माझी चूक." त्या दिवसापासून हात मांडीवर. मी सगळी पाकिटं सरळ केली, स्टिकरं पुन्हा मधोमध लावली.

अक्काला बीपी होतं, साखर होती. पावसाळ्यात तिच्या पायाला सूज आली, तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले किडन्या थकल्यात, मीठ कमी करा. मला हे माहीत होतं. फाईल माझ्याच गाडीच्या डिकीत होती. पण माझ्या डोक्यात 'मीठ कमी' एवढंच राहिलं.

एका संध्याकाळी ती दुकानात आली. पायरी चढताना धाप लागलेली.

"आरं, बिनमिठाचं घशाखाली उतरंना बग. कालवणाला कालवण म्हणावं का पाणी म्हणावं कळंना. तुज्याकडं ते बीपीचं मीठ हाय म्हणं?"

"हाय की. आधी का न्हाई सांगितलं?" मी फळीवरून दोन पाकिटं काढली. "हे घे. आता पोटभर खा. हे बाधत न्हाई. लागंल तेवढं टाक कालवणात."

"खरं म्हंतो?"

"अक्का, तुला मी खोटं देईन का?"

तिनं पाकिटं पदराखाली घेतली. तिच्या बोटांवरच्या चिरा आता काळ्या रेघा होऊन राहिल्या होत्या. सर खुर्चीत होते. कागद खाली होता. ते अक्काकडे बघत होते, मग माझ्याकडे. अक्का त्यांना दरवेळी विचारायची, "सर, बरं हाय न्हवं?" तशी त्या दिवशीही विचारून गेली.

ती गेल्यावर सर उठून काउंटरपाशी आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "एक विचारू? तुझ्या अक्का गिऱ्हाईक आहेत का?"

त्या दिवशी हिंगाचा व्यापारी येऊन भांडून गेला होता. डोकं आधीच तापलेलं. मला वाटलं, मी तिला फुकट दिलं हे म्हाताऱ्यानं बघितलं आणि आता टोमणा मारतोय. मी म्हणालो, "दुकानाची पायरी चढला की सगळे गिऱ्हाईक. बहीण असू दे नाहीतर बाप."

अक्काकडून मी आयुष्यात कधी पैसा घेतला नव्हता.

"असं," सर म्हणाले. मग वर गेले. सहा वाजले होते. खुर्ची फेकली तो दिवस सोडला तर आठ वाजायच्या आत वर गेलेले मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याचाही मी काही विचार केला नाही.

अक्का दर पंधरा दिवसांनी पाकीट न्यायची. तोंडाला चव आली म्हणायची. सर त्या वेळी खुर्चीत नसायचे. तिला गल्लीच्या तोंडाशी बघितलं की उठून जिना चढायचे.

थंडीत एका सकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला. अक्काच्या हातापायात जोर नव्हता, उठता येत नव्हतं. दवाखान्यात नेलं. भाची टेंभुर्णीला शाळेत शिक्षिका आहे, ती निघाली होती. डॉक्टरांनी रक्ताचा कागद बघितला आणि मला विचारलं, "घरात मीठ कोणतं वापरतात?"

मी सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. ओरडले असते तर मी उलट ओरडलो असतो. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का गेली. मी नंतर डॉक्टरांना गाठून विचारलं की मिठामुळेच का. ते म्हणाले, "एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. किडन्या होत्या, गोळ्या होत्या, मीठ होतं. सगळं मिळून." त्या "सगळं मिळून"वर मी किती दिवस काढलेत, माझं मला माहीत.

तिसऱ्या दिवशी, माणसं राख सावडायला गेली होती तेव्हा, मी मागे राहिलो. अक्काच्या स्वयंपाकघरात गेलो आणि मिठाचा डबा गटारात रिकामा केला. फळीवर अर्धं पाकीट होतं, ते खिशात घातलं. डब्यात दुकानातून आणलेलं साधं खडे मीठ भरून ठेवलं. मग मी सरांच्या घरी गेलो.

सर भाकरी खात होते. मी दारातूनच ओरडलो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. "तुमाला म्हाईत होतं! तुमी बघत होता! तोंड का उघडलं न्हाई?"

सरांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. "मी तुला विचारलं होतं."

"विचारलं म्हणं! कलम मोडलं असतं तर मी काय फाशी देणार होतो तुमाला? खुर्ची गेली असती, दुसरं काय?"

सरांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, प्यायले नाहीत.

"ड्रम सांडला तवा दोन बादल्या घेऊन उतरला होता की. तवा वाट सापडली. दोन बादल्यांसाठी सापडती आणि एका वाक्यासाठी सापडत न्हाई?"

"पाणी माझं होतं," सर म्हणाले. "बोलणं मी तुला देऊन टाकलं होतं."

मग म्हणाले, "रोज ठरवायचो, आज मोडू. खाली यायचो. त्या येताना दिसल्या की वर पळायचो. मी घाबरट माणूस आहे. मला नियम असला की बरं वाटतं." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. अर्धी भाकरी तशीच राहिली. मी जिना उतरलो तेव्हा माझ्याकडे एकही शिवी शिल्लक नव्हती.

दिवसकार्य झालं. मध्ये कराराची मुदत संपून गेली. नवा करायचं ना त्यांनी काढलं ना मी. सर मात्र पाचला खाली यायचे, खुर्चीत बसायचे. मी हाकलून दिलं नाही. चहा द्यायचो. घ्यायचे.

चार दिवसांनी भाची दुकानात आली. घराची किल्ली माझ्याकडे द्यायची होती. तिच्या हातात दवाखान्याचे कागद होते. रडून रडून डोळे बारीक झालेले, पण तिचं वाचन पक्कं, कागद पुन्हा पुन्हा वाचलेले.

"मामा, यात लिहिलंय रक्तात पोटॅशियम वाढलं होतं. मी एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, कमी सोडियमचं मीठ खात होत्या का विचारा." ती माझ्या फळीकडे बघत होती. फळीवरचे दिवे चालू होते. "आई तुमच्याकडून मीठ न्यायची ना? कोणतं न्यायची?"

मी सरांकडे बघितलं. त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली होतं. करार नव्हता, कलम नव्हतं. या माणसानं माझ्या तोंडावर माझ्याच गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं खरं सांगितलं होतं. मला खात्री होती की आता बोलणार. मला ते हवं होतं, हेही सांगून टाकतो. कोणीतरी मोठ्यानं बोलावं आणि हे एकदाचं बाहेर पडावं. मी थांबलो. दोन-तीन श्वास इतका वेळ मी त्यांना दिला.

सर माझ्याकडे बघत राहिले.

"साधंच," मी भाचीला म्हणालो. "खडे मीठ. पयल्यापासनं तेच न्यायची ती."

"डब्यात तेच होतं," भाची म्हणाली. तिनं कागदांची घडी घातली. "मग गोळ्यांनीच झालं असेल." माझ्या पाया पडली आणि गेली. तिच्या गाडीला उशीर होत होता.

ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी काउंटर पुसत राहिलो. मग सरांच्या अंगावर गेलो. "आता तर करार नव्हता. आता कोणी तोंड धरलं होतं तुमचं?"

सर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. वर्तमानपत्राची घडी केली, काउंटरवर ठेवली.

"तिनं तुला विचारलं होतं," म्हणाले.